बाळाभावजींचा डिस्क ब्रेक

आमच्या चाळीच्या फाटकातून चाकं असलेली कुठलीही वस्तू आत आली की बाळाभावजी तिला अडवतात आणि तिचे ब्रेक तपासतात. वस्तू कुणाची आहे, घाईत आहे का, हे ते बघत नाहीत. सिलिंडरवाल्याची हातगाडी, पोरांच्या सायकली, तळमजल्यावरच्या गोखलेआजींची चाकांची खुर्ची, कोणीही त्यांच्या हातून सुटत नाही. एकदा चाळीतल्या मुलीच्या लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी आली. भावजी पुढे झाले, खिडकीतून आत डोकं घातलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "पेडल कितपत खाली जातं?" ड्रायव्हरला वाटलं, हे मुलीचे मामा असणार. त्याने खाली उतरून वाकून नमस्कार केला. नवरदेव मात्र हॉलवर पोचेपर्यंत पाय आखडून बसला होता म्हणे.

शेजारच्या खोलीतला चिंटू एकदा दोरीने लाकडी गाडी ओढत चालला होता. भावजींनी त्यालाही थांबवलं.

"हिचा ब्रेक खंय रे?"

"ही दोरीची गाडी आहे."

"ता माका म्हायत आसा. पण दोरी तुटली तर?"

चिंटूने दोरीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. त्यानंतर कित्येक दिवस तो ती गाडी काखेत मारून फिरत होता.

भावजी मूळचे मालवणकडचे. मराठी चांगलं बोलतात, पण जीव गुंतला की मालवणी बाहेर पडते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "पळवूक कोणय पळवतलो. थांबवतलो कोण?" म्हणजे पळवायला काय, कोणीही पळवेल, थांबवणार कोण? हे वाक्य ते गाड्यांपुरतं ठेवत नाहीत. भजनात बुवांनी तान लांबवली की भावजी माझ्या नवऱ्याच्या कानात म्हणतात, "थांबवतलो कोण?" वरच्या मजल्यावरच्या सुमनच्या नवऱ्याने वडापावच्या एका गाडीच्या तीन गाड्या केल्या, तेव्हाही तेच. माणसांची पारखसुद्धा ब्रेकवरून. "माणूस सोन्यासारखा, पण ब्रेक ओले." "बाई तोंडाची फटकळ, पण ब्रेक करकचून लागतो हो." माझ्याबद्दल त्यांचं मत असं की सुलूची गाडी कायम ब्रेकवरच उभी, ती सुटणार कधी? मी फारशी बोलत नाही म्हणून.

ते स्वतः फोर्टात एका जुन्या कचेरीत लिफ्टमन होते. हाताने दांडा फिरवून चालवायची जाळीच्या दाराची लिफ्ट. तिथे सगळी कमाल थांबवण्यात. दांडा जरा लवकर सोडला की लिफ्ट पायरीएवढी खाली राहते, उशिरा सोडला की वर जाते. भावजी छाती पुढे काढून सांगतात की त्यांच्या लिफ्टमधून उतरताना एकाही बाईची चप्पल अडली नाही. मधेच वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की ते आतल्या माणसांना सांगायचे, "घाबरू नका, मी आहे." अंधारात तेवढं ऐकलं की माणसं गप्प उभी राहायची.

त्या कचेरीतले एक म्हातारे पारशी साहेब मुलाकडे परदेशी कायमचे गेले. जाताना आपली जुनी फिकट पिवळी गाडी ते भावजींना देऊन गेले. लिफ्टमनकडे गाडी! आमच्या चाळीत तेव्हा ती एकच होती. भावजी आणि त्यांची बायको, कुंदावहिनी, दर रविवारी त्या गाडीने फिरायला जायचे. वहिनी अबोली माळून पुढे बसायच्या. मुलंबाळं झाली नाहीत त्यांना, पण त्या गाडीत बसून निघाले की दोघं अगदी नव्याने लग्न झाल्यासारखी दिसायची. मी गॅलरीतून बघायचे.

मग ती उताराची गोष्ट घडली. श्रावणातल्या एका सोमवारी दोघं वाळकेश्वरला देवदर्शनाला गेली होती. परतताना चौपाटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर भावजींनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली जमिनीला टेकलं. गाडी थांबेना. भावजींनी ती फुटपाथकडे वळवली आणि कडेला उभ्या असलेल्या शहाळ्यांच्या हातगाडीत घातली. शहाळीवाला पलीकडे पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला. माणसाला कुणालाच काही झालं नाही. वहिनींच्या चार बांगड्या फुटल्या आणि शहाळी मात्र उतारावरून टणाटण उड्या मारत चौपाटीकडे गेली. लोक गाड्या थांबवून ती गोळा करत होते आणि चक्क परत आणून देत होते, हे वहिनी अजून कौतुकाने सांगतात.

गाडी ओढून आणून चाळीच्या पटांगणात उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदावहिनींनी गॅलरीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "त्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

तेव्हापासून ती गाडी पटांगणात आणि तिच्यावर ताडपत्री. भावजी दर रविवारी ताडपत्री काढायचे, गाडी पुसायचे आणि परत ताडपत्री घालायचे. कुणी म्हटलं, वहिनी नाही बसत तर ब्रेक दुरुस्त करून तुम्ही एकटे तरी चक्कर मारून या, तर म्हणायचे, "कुंदा नाही, तर गाडी कशाला काढू?" चाळीतल्या बायका वहिनींना चिडवायच्या. भित्री भागूबाई म्हणायच्या. गिरगावात वहिनींच्या भाचीचं लग्न होतं, तिथे दोघं शालू नेसून, कोट घालून बसच्या रांगेत उभी राहिली. तेव्हा सुमन म्हणाली, "एवढी दारात गाडी, आणि हिच्या भीतीपायी बिचाऱ्या भावजींना लटकत जायची पाळी." वहिनी हसल्या फक्त.

भावजींनी मात्र तेव्हापासून डोक्यात एकच घेतलं होतं. कुंदा परत गाडीत बसली पाहिजे. आणि त्यासाठी गाडीचे मागचे ब्रेक बदलले पाहिजेत.

हे प्रकरण मला त्यांनी इतक्या वेळा समजावलं आहे की आता मलाही सांगता येईल. जुन्या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. म्हणजे एक लोखंडी डबा, आणि त्याच्या आत ब्रेकच्या पट्ट्या. पेडल दाबलं की पट्ट्या आतून डब्याला घासतात आणि चाक थांबतं. त्यांच्या गाडीत डब्याच्या आत तेल गळून पट्ट्या भिजल्या होत्या आणि बाहेरून कुणाला पत्ता नव्हता. "ड्रम म्हणजे मनात ठेवणारा माणूस गो," भावजी म्हणायचे. "वरून सगळा ठीक. आत काय चाललाहा ता दगा दिल्याशिवाय कळाचा नाय. डिस्क बघ. उघडी चकती. चिमट्यात धरली की थांबली. सगळा डोळ्यांसमोर."

नाक्यावरच्या उस्मान मेकॅनिकने त्यांना हात जोडून सांगितलं होतं, "चाचा, ये घर का काम नहीं है."

"घर का काम घर में नहीं करेगा तो किधर करेगा?" भावजी म्हणाले आणि कामाला लागले.

कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे फेऱ्या सुरू झाल्या. एका मोडलेल्या गाडीच्या दोन चकत्या आणि चकती धरणारे दोन चिमटे, त्यांना कॅलिपर म्हणतात, भावजी पिशवीत घालून घेऊन आले. पिशवीतून मेथी काढावी तसं वहिनींसमोर सगळं ओट्यावर मांडलं. वहिनींनी त्यातली एक चकती घासून पुसून लोणच्याच्या बरणीत फोडींवर दडपण म्हणून ठेवली. भावजी दोन दिवस ती चकती शोधत होते. सापडली तेव्हा तिला हिंगाचा वास येत होता. पुढे भावजींनी गाडीचे जुने डबे काढले, तर वहिनींनी एकात तुळस लावली आणि एकात कोथिंबीर पेरली. "भोकं आहेतच, पाणी छान निघून जातं," असं म्हणाल्या. भावजींना राग आला नाही. उलट म्हणाले, "बघ, कुंदाक आता आवड लागता."

"आवड बिवड काही नाही," वहिनी म्हणाल्या. "मी बसणार नाही म्हणजे नाही."

गाडीची मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. चाकं निघाली. पटांगणात ती गाडी अशी दिसायची की एखादी बाई पदर खोचून फरशी पुसायला वाकली आहे. कॅलिपर बसवायला लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून आणल्या, त्या दोनदा चुकल्या. ब्रेकच्या तेलाच्या नळीची लांबी चुकली. ब्रेकचं तेल सांडून भावजींच्या नव्या लेंग्याला भोक पडायचं राहिलं, पण गाडीच्या मडगार्डचा रंग मात्र उडाला. चाळीतली माणसं गॅलरीतून खाली बघत सल्ले द्यायची. भावजी वर न बघता म्हणायचे, "ज्येका ब्रेक म्हायत नाय, त्येणा हॉर्न वाजवू नये."

अखेर एक दिवस सगळं बसलं. आता फक्त नळ्यांमधली हवा काढायची होती. ब्रेकच्या तेलात हवा राहिली तर पेडल दाबलं की स्पंजासारखं आत जातं, ब्रेक लागत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी छोटा नट सैल करायचा, हवा बाहेर निघाली की परत आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचं.

भावजींनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मान फिरवली. "उभ्या गाडीतसुद्धा नाही," म्हणाल्या.

मग भावजी आमच्या दाराशी आले. मी मशीनवर ब्लाऊज शिवत होते. ते माझ्या पायांकडे बघत उभे राहिले. मला ओशाळल्यासारखं झालं. मी पाय मागे घेतले.

"थांबू नको, चालव," ते म्हणाले. मी थोडं चालवलं. "आता थांबव." मी थांबवलं. "परत." मी परत केलं.

"ह्योच," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "ह्योच पाय होयो. डोकं चौथी शिकला असात, पण पाय मॅट्रिक पास आसा सुलूचो."

आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, "न्या खुशाल. दुपारी जेवायला तेवढी सोडा."

मी आयुष्यात ड्रायव्हरच्या जागेवर बसले नव्हते. बसले तेव्हा पदर पार कानावरून ओढून घेतला. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. चाकामागून भावजींचा आवाज यायचा, "दाब गो!" मी दाबायचे. "धर! धरून ठेव!" मी धरायचे. "सोड!" मी सोडायचे. थोड्या वेळाने गॅलऱ्यांनी सूर धरला. "दाब!" वरून पोरं ओरडायची. "धर!" बायका ओरडायच्या. "सोड!" तळमजल्यावरून गोखलेआजीसुद्धा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण पाय आपला चालू होता.

आणि हवा काही संपेना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तेल संपलं, नवी बाटली आणली, तीही संपत आली. पेडल स्पंजासारखंच. भावजींचा चेहरा उतरला. त्यांनी जेवण टाकलं. चाकाशेजारी फतकल मारून बसून राहिले. मी उतरावं की बसावं हे न कळून आतच बसले होते.

तेव्हा पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून वहिनी म्हणाल्या, "अहो, तो हवेचा नट खालच्या अंगाला का लावलाय?"

"तो तसाच असतो."

"हवा वर जाते की खाली? कुकरची शिटी कोणी बुडाला लावतं का?"

 भावजी वाकून बघायला लागले. एका चाकाकडे गेले, दुसऱ्याकडे गेले. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, तो हात तेलाचा होता. त्यांनी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. त्यामुळे नट खाली आला होता आणि हवा आत वर बसून राहिली होती, आम्ही खालून नुसतं चांगलं तेल काढत होतो.

कॅलिपर बदलले आणि दहा-पंधरा दाबांत पेडल टणक झालं, अगदी पाटावर पाय ठेवल्यासारखं. मला पायालाच कळलं. मी, जी कधी मोठ्याने बोलत नाही, खिडकीतून ओरडले, "भावजी, लागला!" गॅलऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या भावजींना होत्या, पण थोड्या मलाही होत्या.

एक त्रुटी राहिली होती. भंगारातून आणलेल्या त्या कॅलिपरना हँडब्रेकची सोयच नव्हती. हँडब्रेकची तार खाली नुसती लोंबकळत होती. आमचं पटांगण फाटकाकडे उतरतं, आणि फाटकाबाहेर मोठा रस्ता. नवीन कॅलिपर मिळेपर्यंत भावजींनी चाकाखाली अडण म्हणून वहिनींचा वरवंटा लावला. सगळ्यांकडे मिक्सर आल्यापासून चाळीत तेवढा एकच वरवंटा उरला होता.

"दगड माझा, गाडी तुमची," वहिनी म्हणाल्या. "चटणी कशावर वाटू?"

"दोन दिवस दाण्याचं कूट घाल," भावजी म्हणाले.

रविवार उजाडला. चाकं बसवून गाडी घोड्यांवरून खाली घेतली. भावजींनी मला परत आत बसवलं, पेडल दाबून धरायला लावलं आणि सगळ्या नळ्यांवरून बोट फिरवून कुठे गळतंय का ते बघितलं. गळत नव्हतं. "सोड," ते म्हणाले. "बसून ऱ्हव. हात धुऊन चहा घेऊन येतंय, मगे शेवटची तपासणी." गाडी घोड्यांवर असताना चाक फिरवून बघायला म्हणून त्यांनी गिअर मोकळा केला होता, तो तसाच होता. ते वर गेले. मी आत बसून राहिले. उतरायचं म्हणजे सगळ्यांसमोर परत दार उघडून उतरायचं आणि परत बसायचं, त्यापेक्षा बसलेलं बरं.

त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर बारसं होतं. आमच्यात बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला न्हाऊ घालतात, त्याला कुंची चढवतात आणि बाळासारखा पाळण्याच्या खालून वरून फिरवतात. सुमन आणि बाळाची आत्या वरवंटा शोधत जिना उतरल्या. वहिनींच्या खोलीत तो नव्हता. पटांगणात आल्या तर समोर चाकाखाली.

"अगं बाई, हा बघ इथे लोळतोय," सुमन म्हणाली. तिने तो उचलला, पदराने पुसला आणि कडेवर घेऊन चालू लागली.

आधी मला वाटलं जिना मागे सरकतोय. मग कळलं की जिना नाही, मीच पुढे चालले आहे. गाडी काही आवाज करत नव्हती. नुसती चालली होती, हळूच, मग जरा जोरात. समोर फाटकात कोळीण टोपली मांडून बसली होती, आणि तिच्यापुढे वहिनी बांगडा उलटापालटा करून बघत होत्या. त्यांच्या मागे रस्ता आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्या.

मी ओरडले नाही.  पायसुद्धा दगडाचा झाला. जिन्याच्या पायरीवर भावजी चहाचा कप घेऊन उभे होते, त्यांना मी बघितलं. ते माझ्याकडे बघत होते आणि हलत नव्हते. तोंड उघडं, हात तसाच. 

"गो बाय माझे!" कोळीण किंचाळली आणि टोपली उचलून पळाली.

वहिनी पळाल्या नाहीत. त्या गाडीकडे धावल्या. डाव्या बाजूचं दार उघडलं, आणि चालत्या गाडीत उडी मारून माझ्या शेजारी येऊन पडल्या. "सुलू! पाय!" त्या ओरडल्या आणि दोन्ही हातांनी माझा गुडघा धरून खाली दाबला. एका हातात तो बांगडा तसाच होता.

मग माझ्या पायाला शुद्ध आली. मी दाबलं. जीव खाऊन दाबलं.

गाडी जागच्या जागी थांबली. कचकन. फाटक हातभर पुढे होतं. बांगडा वहिनींच्या हातून सुटून पुढच्या काचेवर आपटला आणि माझ्या मांडीत पडला.

 मग वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जिन्याकडे बघून ओरडल्या, "अहो! थांबली! तुमची गाडी थांबली!"

सगळी चाळ धावत आली. कुणी चाकाखाली विटा लावल्या, कुणी मला पाणी दिलं. सुमन वरवंटा पोटाशी धरून रडत होती, आणि आत्या तिला म्हणत होती, "अगं, बाळ पडेल!" कोळणीने टोपली परत खाली ठेवली आणि विचारलं, "त्या बांगड्याचा काय? घेणार ना बाय?" तेव्हा आम्ही जे हसायला लागलो ते हसू थांबेचना. माझे डोळे पुसून पुसून लाल झाले. कितीतरी वर्षांत मी एवढी हसले नव्हते.

भावजी मात्र जिन्यात खाली बसले होते. कप त्यांच्या हातात होता आणि तो बशीवर वाजत होता. लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते, "काय ब्रेक लावलाय, भाऊ!" ते मान हलवत होते. वहिनींनी गर्दीतून वाट काढून त्यांच्या हातातला कप काढून घेतला. "चला, ऊन लागतंय," म्हणाल्या आणि त्यांना वर घेऊन गेल्या. त्या दिवशी ऊन नव्हतं.

संध्याकाळी मी वहिनींकडे गेले. भावजी आत झोपले होते. वहिनी तव्यावर तोच बांगडा भाजत होत्या.

"वहिनी," मी म्हटलं, "तुमची भीती गेली म्हणायची. चालत्या गाडीत उडी मारलीत."

"भीती?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला कधी होती गो?"

 त्यांनी बांगडा उलटला.

"उतारावरनं आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी हे गाडी हँडब्रेकवर हळूहळू नाक्यावरच्या मेकॅनिककडे न्यायला म्हणून खाली गेले. आत बसले. चावी भोकात जाईना, हात असा थरथरत होता. मी वरून बघत होते. जिन्यात चार माणसं उभी, 'काय बाळाभाऊ, निघालात?' म्हणून विचारतायत. जन्मभर लिफ्टमध्ये दुसऱ्यांना घाबरू नका म्हणत आलेला माणूस. त्याचा हात लोकांनी बघितला असता तर त्याने परत पटांगणात पाऊल टाकलं नसतं. मग मी ओरडले, मी नाही पाय ठेवणार त्या गाडीत. झालं. चावी खिशात टाकून हे वर आले. सगळे मलाच हसले."

"आणि तुम्ही हसू दिलंत?"

"बाईमाणसाला भीती वाटली तर कोण काय म्हणतं? दोन दिवस भागूबाई म्हणतात. मला काय त्याचं."

"भावजींना माहीत आहे?"

वहिनींनी बांगड्याच्या कडेने तेल सोडलं. "एवढीशी खोली. एवढी वर्षं. माहीत नसेल होय?" म्हणाल्या. "पण ते बोलले नाहीत, म्हणून मी बोलले नाही. ब्रेक बदलतो म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, चला, ह्यांचा हात निदान त्या गाडीला लागतोय."

पुढच्या महिन्यात हँडब्रेकवाले कॅलिपर मिळाले. ते भावजींनी आणि उस्मानने मिळून बसवले. उस्मानने गाडी शिवडीपर्यंत नेऊन आणली, रिकाम्या रस्त्यावर दाबून दाबून बघितली आणि म्हणाला, "चाचा, एकदम मक्खन." भावजींनी त्याला मिठी मारली. सगळ्या चाळीला निरोप गेला की वहिनींची भीती मोडली. वहिनी प्रत्येकीला सांगत होत्या, "हो बाई, मोडली एकदाची."

पहिल्या फेरीला मलाही घेतलं. "पाय आपलो आसा तो, गाडीत होयोच," भावजी म्हणाले. मी मागे बसले. वहिनी पुढे. अजून थोडा माशाचा वास येत होता. लालबागहून निघालो, भावजी चांगले चालवत होते, गप्पाही मारत होते. वाळकेश्वरला दर्शन झालं. परत निघालो आणि भावजींचं बोलणं बंद झालं. तो उतार समोर आला. गाडी कडेला घेऊन ते थांबले. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं होतं, बोटं पांढरी पडली होती. मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या. 

तेवढ्यात वहिनी जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "अहो, मला भीती वाटते हं. मी आपली डोळे मिटून घेते. तुम्ही सांभाळून घ्या."

भावजी ताठ बसले. त्यांची बोटं सैल झाली. लिफ्टमध्ये माणसं अडकल्यावर काढत असतील तसा एक भारदस्त आवाज त्यांनी काढला.

"घाबरू नको गो कुंदा. मी आसंय मा."

गाडी उतरायला लागली. सावकाश, मधे मधे ब्रेक लावत. दर वळणावर भावजी समोर रस्त्यावर नजर ठेवून म्हणत होते, "झाला, झाला. आता थोडाच ऱ्हवला. घाबरू नको." आणि वहिनी "हं, हं" करत होत्या.

मला मागून वहिनींचा चेहरा एका बाजूने दिसत होता. डोळे चांगले उघडे ठेवून, मांडीवर हात घेऊन, त्या आरामात समोरचा समुद्र बघत होत्या.